सालाखालची चांदणी

दुष्काळात दादा हैदराबादला कामाला गेला, तेव्हा आमच्या दावणीला बैलजोडी होती आणि कडबा संपत आला होता. जाताना त्याचं आणि आईचं ठरलं. कडब्याची सोय झाली तर तो चांदणीचं चाराण्याचं नाणं धाडणार, म्हणजे बैल ठेवायचे. नाही झाली तर बिनचांदणीचं, म्हणजे विकून मोकळं व्हायचं. हैदराबादच्या टांकसाळीतल्या नाण्यावर छापलेल्या सालाखाली बारीक चांदणी असते, कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नसतं, हे दादाला ठाऊक होतं. तोंडी निरोप का नाही, तर बैल विकायचेत असं लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात कळलं, की दलाल भाव पाडून मोकळे.

नाणं एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर आलं. आईला मोतीबिंदू, म्हणून तिनं सालाखाली अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला दिलं. मी उन्हात जाऊन पाहिलं, तिथं सपाट होतं. आईनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना घेऊन बाजाराला चालू लागली.

आठवड्यानं दादा आला तो कडब्याचा ट्रक घेऊनच. मोकळी दावण बघून तो आईकडं वळला.

"चांदणीचंच धाडलं होतं, माय."

"न्हवती चांदणी."

एवढंच बोलणं, पण त्यानं आमचं घर मोडलं. आईनं घाई केली असं दादा धरून बसला, आणि पोरगं स्वतःची चूक तिच्यावर ढकलतंय असं आई. दोघंही एका हाडाची. सुंभ जळला तरी पीळ जाईना. दादा हैदराबादलाच राहिला. सणाला यायचा, पण आईशी बोलायचं ते माझ्या मार्फत. "तिला म्हणावं जेवून घे," असं तिच्यासमोर बसून मला सांगायचा. मला दोघांचाही राग यायचा, हसूही यायचं. आईनं ते नाणं फडक्यात बांधून फडताळात ठेवलं होतं, पुरावा म्हणून. ते तसंच ठेवून ती गेली.

पुढं लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, मला तिथं कारकुनी मिळाली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना जुन्या नाण्यांचा नाद होता. एकदा मी ते चाराण्याचं नाणं त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि सहज म्हणाले, हे हैदराबादचंच आहे. छापायचा ठसा झिजला की चांदणी अशी पुसट उमटते, कधी उमटतही नाही. भिंगातून मला चांदणीची दोन टोकं दिसली. त्या दिवशी माझं कामात लक्षच लागलं नाही. असं भिंग लातुरात कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळालं असतं. आई होती तोवर आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नाही.

दिवाळीला दादा आला, तेव्हा मी नाणं आणि मागून आणलेलं भिंग त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "हाय की. तवा मला नुसत्या डोळ्यांनीच दिसली होती." मग भिंग बाजूला सारलं, डोळे मिटले आणि आई फिरवायची तसा सालाखाली अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"न्हाई लागत, माय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत आईशी तो पहिल्यांदाच सरळ बोलला होता.