सुमेरमलशेठांचं विमान

नवापूरच्या बाजारात सुमेरमलशेठांच्या दुकानात साधा तांब्या घ्यायचा तरी गिऱ्हाईक तीनदा पायरी उतरायचं, तेव्हा कुठे भाव जुळायचा. अशा माणसानं आख्खं विमान भाड्यानं घ्यायचं मनावर घेतलं म्हटल्यावर गल्ली काय झोपते?

शेठांच्या पत्नी पतासीबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. "एकदा विमानानं पीहरला न्या," असं त्या जयपूरच्या माहेरासाठी चाळीस वर्षं म्हणत राहिल्या आणि शेठ रेल्वेचे गुण गात राहिले. आता शेठ दुकानात गादीच्या कडेला अंग चोरून बसत, शेजारची जागा मोकळी ठेवून. विसरवाडीला जाताना एसटीत त्यांनी दोन तिकिटं काढली. गर्दीत खिडकीशी मोकळ्या ठेवलेल्या जागेवर कुणीतरी टेकलंच. शेठ भांडले नाहीत, उभे राहिले.

पानवाल्या इंद्रसिंगनं विमानावरून छेडलं, "काय शेठ, आते इमान बी इकतस का?"

शेठनी मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जणू उत्तर तिथून येणार होतं. इंद्रसिंग पानाला चुना लावू लागला.

शेवटी मुलगा अभिनंदन कागद घेऊन बसला. सुरतहून जयपूर, नेहमीच्या विमानात माणशी सहा हजार. छोटं चार सीटचं विमान घेतलं तर साडेचार लाख, ते रिकामं परत येणार त्याचंही भाडं त्यातच. हवं तर नेहमीच्या विमानात एक जादा सीट तुमच्याच नावावर काढतो, असंही त्यानं समजावलं. बारा हजारांत काम.

"आणि तिथं कुणी बसलं तर?"

"कोण बसेल, बापूजी? पैसे भरलेले असतात."

"एसटीचे पण भरले होते."

अभिनंदननं कागदाची घडी घातली. छोट्या विमानवाल्याला फोन त्यानंच लावून दिला. अशा विमानात आधी प्रत्येकाचं वजन सांगावं लागतं. शेठनी माणसं दोन सांगितली, स्वतःचं वजन बासष्ट.

"आणि दुसरं माणूस?" पलीकडून विचारलं.

जन्मभर पितळ तोलून विकलेल्या माणसानं फोन कानापासून दूर धरला. फोनमधून दोनदा हॅलो आलं.

अभिनंदननं फोन हातात घेतला.

"अडतीस किलो," तो म्हणाला. "दवाखान्यात शेवटी तेवढंच भरलं होतं."

पलीकडच्यानं ते लिहून घेतलं.