घरात कुणालाच नाही

पारोळ्यात बेबाबाईच्या पिठाच्या गिरणीवर कुणी रांग मोडली, तर त्याचा डबा रस्त्यावर जायचा. अशी तिखट बाई. पण धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या वाटचं दुसराच बोलून गेला.

तिच्या छातीत बोराएवढी गाठ लागली होती. सोबत थोरला भाऊ भाईदास होता. सोनोग्राफी झाली. गाठ गोल, कडा साफ.

"साधी दिसते," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाला कॅन्सर होता?"

बेबाबाईने तोंड उघडायच्या आत भाईदास बोलला, "आमना घरमा कोणलेच नही, साहेब."

"मग सहा महिन्यांनी परत दाखवा."

आता या घरची तऱ्हा ऐका. बेबाबाईची मोठी बहीण देवकाअक्का छातीच्या गाठीनेच गेली, ऐन तरुणपणी. तिच्याआधी आत्याही तशीच. गावाला मात्र सांगितलं, काविळीने गेल्या. गाठीचं नाव निघालं की पोरींची लग्नं अडतात, म्हणून मेलेल्या बायकांचा आजारसुद्धा यांनी बदलून टाकला. दवाखान्याबाहेर बेबाबाई कडाडली, तेव्हा भाईदास म्हणाला, "मनी पोर कामिनीनं लगीन जमी राह्यनं शे. तोवर चूप राय." ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हा बहिणीचं भांडं लपवत होता, आणि जीव जाणार होता तिचा.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून ती एकटी धुळ्याला गेली. दोघींची मरणं खरीखुरी सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अशा घरांतला कॅन्सर कधीकधी गोल, गुळगुळीत, अगदी साध्या गाठीसारखा दिसतो, म्हणून तर विचारलं होतं, ते म्हणाले. सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा. सुदैवाने अजून काखेत उतरलेला नव्हता. रक्त तपासल्यावर कळलं की दोष पिढीजात आहे, वडिलांकडून आलेला असणार. तो भाईदासातही असू शकतो. पुरुषाच्या अंगात तो बहुधा मुकाट राहतो आणि पोरीकडे जातो. भाईदासने हे ऐकून हात झटकले. तो काय बाई होता?

ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बेबाबाई डोक्याला पदर गुंडाळून भावाकडे गेली. घर माहेरवाशिणींनी भरलेलं, कामिनीची होणारी सासूही आलेली. पितरांची घागर भरून वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं. भाईदास देवकाअक्काचं नाव घेऊन विस्तवावर घास टाकायला बसला. बेबाबाईने पदर ओढून बोडकं डोकं उघडं केलं.

"अक्काले कावीय नव्हती, भाऊ. आत्यालेबी नव्हती. दोन्हीस्ना छातीमा गाठ व्हती, माले व्हयनी तशीच. आज तिस्ना घास टाकी राह्यना, ते खरं सांगीसन टाक."

होणाऱ्या सासूने हातातलं ताट खाली ठेवलं. भाईदासचं तोंड लाल झालं. "तू मनी पोरनं वाटोयं कयं."

कामिनी बापासमोर येऊन उभी राहिली. "आबा, आधी तुम्ही रगत तपासा. तुमनामा नही निंघनं, ते मनामाबी नही."

बहिणीच्या छातीबद्दल डॉक्टरांना झटकन उत्तर देणारा भाईदास स्वतःच्या रक्ताचं नाव निघताच विस्तवाकडे वळला. घास हातात तसाच धरून तो बसून राहिला.