जॅकच्या डोक्याला लावलेलं तेल

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला सासूबाईंनी घरातली सगळी अवजारं माझ्यापुढे मांडली आणि म्हणाल्या, "पुसून तेल लाव, मग पूजा करू." मी सतरा वर्षांची. आमटीत दोनदा मीठ घालणारी मी या कामात मात्र भलतीच हुशार निघाले.

सासऱ्यांची एक उतारूंची मोटार होती, नगरहून खर्ड्याला जायची. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसचं पिंप बांधलेलं. तिच्या सामानात दोन जॅक होते. एक उंच, दात्यांचा, दांडा हलवला की खटाखट वर चढणारा. दुसरा बुटका, आट्यांचा, फिरवत बसावं तेव्हा बोटभर उठणारा. बुटक्याच्या डोक्यावर खाचा होत्या. मला वाटलं, हे देवाचं कपाळ. त्या खाचांत मी तेलात कालवलेलं हळदकुंकू चेपून भरलं आणि वरून करडईच्या तेलाचा असा हात फिरवला की तोंड दिसावं. सासूबाई म्हणाल्या, "सून गुणाची आहे." आणि मला ते खरं वाटलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्याच मोटारीनं मी माहेरी निघाले. सोडायला आमचे हे. चालवायला आमचे जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे चाचा म्हणत. जामखेड मागे पडलं आणि समोरून आलेल्या बैलगाडीला वाट देताना मागचं डावं चाक रस्त्याखाली उतरलं. काळी माती, आदल्या दिवशी पडलेला पाऊस. चाक निम्मं आत गेलं.

चाचांनी सगळ्यांना खाली उतरवलं. "आधी पुढच्या चाकांना दगड लावा. मी आनखी दगड बगून येतो. तवर एक बी माणूस गाडीखाली जायचा न्हाई," असं बजावून ते बांधाकडे गेले.

आता हे का थांबले नाहीत, ते मी सांगते. मी बाभळीखाली उभी राहून बघत होते. नवी बायको बघतेय म्हटल्यावर पुरुषाला दगडांची वाट बघवत नाही. यांनी बुटका जॅक काढला, ॲक्सलखाली सरळ चिखलावर ठेवला, आणि फिरवायला लागले. चाक चार बोटं वर आलं. मला केवढा अभिमान वाटला. मग हे चाकाखाली दगड सरकवायला आडवे झाले, पाय ॲक्सलखाली, आणि जॅक बाजूला निसटला.

आवाज फार नाही झाला. चिखलात बसका, ओला आवाज. मग यांची हाक.

डावा पाय नडगीवर ॲक्सलखाली. माती मऊ होती म्हणून हाड वाचलं होतं, पण त्याच मऊ मातीत मोटार कणाकणानं खाली बसत होती. ते डोळ्यांना दिसत होतं.

लोक धावले. एक म्हणाला, "समदे मिळून उचलू." दुसऱ्यानं खुरपं काढलं आणि पायाजवळची माती उकरायला बसला. तेवढ्यात चाचा पळत आले.

"खुरपं बाजूला. पायाखालची माती काढली तर गाडी पायावरच बसंल. आन हातानं कुनी उचलायची न्हाई. एकाचा पाय घसरला की परत यांच्यावरच."

"मग तो उंच जॅक लावा की," कुणीतरी म्हणालं. "बिगीनं उठंल."

"बिगीनं उठंल आन बिगीनं कलंडंल. गाडी तिरकी हाय. आपल्याला हळू उठनाराच पायजे." चाचांनी चिखलातून बुटका जॅक उचलला. "भुई मऊ म्हनून सरकला असंल. खाली बाकाची फळी घेऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भुईच मऊ. माझी एकटीची नजर जॅकवर गेली, कारण चिखलातूनही त्याचं डोकं चमकत होतं, आणि ज्या खाचांनी ॲक्सल धरायचा त्या मीच बुजवल्या होत्या. गप्प राहिले असते तर भुईवर खापर फुटून गेलं असतं. नवी सून, चारचौघांत, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. त्या वेळची मी खरंच विचार करत उभी होते, तुम्हाला खोटं कशाला सांगू. मग यांनी कण्हत डोळे मिटले.

"चाचा," मी म्हणाले, "त्याला तेल आहे."

"आट्यांना हाय. असायलाच पायजे."

"डोक्याला. खाचांत पण. मी लावलं. पूजेला."

चाचांनी बोट फिरवलं. लाल-पिवळं झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "काडता यील?"

तेलकट भांडं कसं घासावं हे मात्र मला येत होतं. पिंपाच्या तळाला कोळशाची कोरडी राख होती. ती मुठीनं घेतली, केसातला आकडा काढून खाचा कोरल्या, राखेनं घासलं, पदरानं पुसलं, परत घासलं. तिकडे हे मोजून श्वास घेत होते.

चाचांनी पायापासून हातभर दूर ॲक्सलखाली जागा केली, फळी आडवी टाकली, वर जॅक. "सूनबाई, तुमी बारीक हाय. मी अर्दा फेरा दिला की तुमी दगड सारायचा. काठीनं. हात आत न्हाई."

अर्धा फेरा. दगड. अर्धा फेरा. दगड. एकदा जॅक कुरकुरला आणि मी काठी टाकून मागे पडले. चाचा म्हणाले, "आवाज फळीचा हाय. उचला काठी." उचलली. केवढं उठलं हे कळायला ॲक्सल आणि नडगी यांच्यात फट दिसायला हवी होती, ती दिसेचना. मग एक काळी रेघ दिसली. मग बोटभर.

"कुनी वडू नका," चाचा म्हणाले. दगडांवर भार बसतोय का ते त्यांनी मुठीनं ठोकून बघितलं. "आता."

पाय बाहेर आला. निळा, सुजलेला, सालटं निघालेला, पण बोटं हलत होती.

ज्या बैलगाडीला वाट दिली होती तिच्यातच यांना घालून जामखेडला नेलं. मी शेजारी बसले, बोलणी खायच्या तयारीनं. वाटेत हे हळूच म्हणाले, "आईला सांगायचं, जॅक चिखलात घसरला."

"आणि तुम्ही चाचांचं न ऐकता खाली गेलात ते?"

"ते कशाला सांगायचं?"

बैलगाडीमागून चालणारे चाचा म्हणाले, "मी दोन्ही सांगनार हाय. उद्या दुसरा डायवर त्या जॅकखाली झोपंल, त्याला कळाया नको?"

आणि त्यांनी सांगितलं, सासऱ्यांच्या समोर, शब्द न वगळता. सासूबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मुलाशी दुसऱ्याच दिवशी बोलल्या, त्याचा पाय सुजला होता ना.