आबांच्या गाडीचा खुराक

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे कुणाला विचारावं, काय विचारावं, हेही नीट कळायचं नाही. ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात मेकॅनिकलला मुली थोड्याच होत्या. माझ्या जोडीला जो मुलगा आला तो चाकणच्या बाजूच्या एका जुन्या गावातला. त्याच्या वडिलांकडे एक टर्बो इंजिनाची गाडी होती. अक्षय्य तृतीयेला ती विकली जाणार होती.

"विकायच्या आधी तिच्यावरच काहीतरी करून टाकू," तो म्हणाला.

मी भीतभीत सुचवलं, की तीन कंपन्यांचं भारी, म्हणजे महागातलं पेट्रोल आणि साधं पेट्रोल आळीपाळीनं घालून बघू, गाडीला खरंच काही फरक पडतो का. सर लगेच हो म्हणाले. बहुधा त्यांना घाई होती.

संध्याकाळी घरी सांगितलं. माझे पप्पा गाडीच्या सीटच्या फ्रेमा वेल्डिंग करणाऱ्या कंपनीत आहेत. ते जेवता जेवता हसले.

"एवढं शिकून शेवटी पंपावर पेट्रोलच भरणार व्हय गं?"

आई म्हणाली, "भरू द्या की. तुमच्यासारखं ठिणग्या अंगावर घेण्यापेक्षा बरं."

त्या रविवारी मी बसनं मित्राच्या गावी गेले. संत तुकाराम नगरात आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे त्यांच्या बंगल्याच्या फाटकापाशीच माझे पाय थबकले. आत पोर्चमध्ये ती निळी, बुटकी गाडी उभी होती. शेजारी पांढरा लेंगा आणि टोपी घातलेले साठीचे गृहस्थ ओल्या फडक्यानं तिची काच पुसत होते. तेच माझ्या मित्राचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

आबांची कहाणी मला हळूहळू कळली. त्यांच्याकडे पूर्वी शर्यतीचे बैल होते. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांचा गाडा पळायचा. मधे शर्यती बंद झाल्या, तेव्हा त्यांनी बैल विकले. शेतावर गोदामं उभी राहिली होती, त्यांच्या भाड्यातून त्यांनी ही गाडी आणली. गावात बाकीच्यांनी मोठ्या, उंच गाड्या घेतल्या. आबांनी मात्र लहान चणीची, चपळ गाडी निवडली. बैल निवडावा तशी, असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे मित्राची आई.

आता आबांच्या डोळ्यांना साखरेनं धरलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं निक्षून सांगितलं होतं. मुलाला त्या गाडीचं वेड नव्हतं. म्हणून ती विकायची ठरली.

पहिल्याच दिवशी आबांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, मला एक सांगशील का? आणल्यापास्नं हिला म्या भारीतलंच पेट्रोल पाजलं. साधं कंदीच न्हाई. आमचा भाऊ म्हनतो, गाडीला काय कळतंय, नुस्ती मिजास करतो. गाडी जायच्या आधी मला कळाया पायजे. हिला ते अंगी लागलं, का म्या उगंच मिजास केली?"

मी म्हटलं, "आबा, बघून सांगते."

"खरं सांगायचं पन. मन राखायला न्हाई."

मी मान हलवली. मान हलवताना मला तो फक्त प्रोजेक्ट वाटत होता.

आमची पद्धत अशी होती. आठवडाभर मित्र गाडी फिरवून टाकी जवळजवळ रिकामी करायचा. शनिवारी इंधनाचा पिवळा दिवा लागला की गाडी पोर्चमध्ये लावायची. रविवारी सकाळी तो पंपावर जाऊन त्या आठवड्याचं पेट्रोल ठरलेलं तेवढंच घालून आणायचा आणि थोडं फिरवून नळ्यांतलं जुनं संपवायचा. मग गोदामांच्या मागच्या चढावर आम्ही गाडी एकाच गिअरमध्ये, एकाच जागेपासून वर पळवायचो. तो रस्ता त्यांच्या स्वतःच्याच जागेतला, रविवारी तिथं चिटपाखरू नसायचं. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र लावलं की इंजिनातले आकडे माझ्या फोनवर दिसायचे.

मला बघायची होती ती ठिणगी. इंजिनात पेट्रोलचा भडका ठिणगीनंच उडायला हवा. उन्हात, चढावर, जोर पडला की साधं पेट्रोल कधीकधी ठिणगीची वाट न बघता आपणहून पेटतं. ते इंजिनाला मानवत नाही. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सावध होऊन ठिणगी थोडी उशिरा टाकतो, म्हणजे मागे सरकवतो, आणि तेवढी ताकद कमी होते. भारी पेट्रोल जास्त सोसतं. ऑक्टेन म्हणजे एवढंच, सोसायची ताकद. आबांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तापट बैल आन शांत बैल." मी म्हटलं, साधारण तसंच.

आबांना गाडीत बसायचं होतं. मला संकोच वाटला, तरी सांगावं लागलं. "आबा, वजन प्रत्येक वेळी सारखं पाहिजे. आज बसलात तर दर रविवारी बसावं लागेल."

"म्हंजे म्या आता तुमच्या प्रयोगातलं पोतं!" त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना पद दिलं. "बसतो की. न्याहारी करून यायची का उपाशी?"

"न्याहारी करून या, पण दर वेळी तेवढीच."

काकू आतून ओरडल्या, "हे तू डॉक्टरला का न्हाई सुचवलंस गं? त्याचं ऐकत न्हाईत ते."

मग दर रविवारी आबा मागच्या सीटवर टोपी सावरत बसायचे. मित्रानं क्लच सोडला की मागून बैलगाड्याच्या शर्यतीतली आरोळी यायची, "भिर्रर्र!" मी फोनकडे बघत असायचे, पण मला त्यांचा आवाज ऐकून हसू यायचं. वर पोचलो की ते विचारायचे, "कितीत झाली?" मी वेळ सांगायचे. ते ओठ मिटून मान डोलवायचे, जणू घाटावर पंचांनी पुकारलंय.

पहिल्या रविवारी साधं पेट्रोल, दुसऱ्या रविवारी एका कंपनीचं भारी. माझे आकडे बघून मी गोंधळले. दोन्हींत काही फरकच नव्हता. साध्या पेट्रोलवर ठिणगी जेवढी मागे सरकायला हवी होती तेवढी सरकतच नव्हती. मी रात्री पुस्तकं चाळली. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. माझ्यासारख्या मुलीला पहिल्यांदा हेच वाटतं.

आणि आबांचा प्रश्न आठवायचा. आकडे असेच राहिले, तर मला त्यांना सांगावं लागणार होतं की ती मिजासच होती.

तिसऱ्या रविवारी मी पहाटेची बस धरून लवकर गेले आणि मित्राबरोबर पंपावर गेले. पेट्रोल भरणाऱ्या दादांनी "झिरो बघा" म्हटलं. मित्रानं मशिनच्या झिरोकडे बघितलं, माझं लक्ष गाडीतल्या काट्याकडे गेलं. काटा जवळजवळ अर्ध्यावर होता.

"अरे, टाकी रिकामी हवी ना?"

"रिकामीच आहे. काल दिवा लागला होता, मी स्वतः बघितला."

"मग आता का नाही लागलेला?"

त्यानं काट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आबा."

घरी आलो तर आबा पोर्चमध्ये टोपी घालून तयार उभे. मित्र गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "आबा, गाडीत पेट्रोल कुणी टाकलं?"

"म्या," आबा सहज म्हणाले. "गोदामावरच्या ड्रायव्हरला धाडलं व्हतं काल."

"का पण?"

"का म्हंजे? दिवा लागला व्हता तिचा. दावणीला उपाशी जनावर ठिवून आपन जेवायला बसायचं व्हय?"

"आबा, ती गाडी आहे!"

"मला म्हाईत हाय गाडी हाय ते. डोळं गेल्यात, डोस्कं न्हाई."

मी हळूच विचारलं, "आबा, मागच्या शनिवारी पण टाकलं होतं?"

"व्हय. त्याच्या आदल्या शनवारी बी."

"कुठलं?"

"आपल्या नेहमीच्या पंपाचं. भारीतलं."

सगळं लक्षात आलं. आम्ही साधं पेट्रोल म्हणून जे मोजत होतो त्यात निम्मं आबांचं भारी पेट्रोल मिसळलेलं होतं. मित्र डोक्याला हात लावून पायरीवर बसला. "तीन रविवार पाण्यात. आता सगळं पहिल्यापासून. आणि तिकडं गाडी घेणारा माणूस ती न्यायला टपून बसलाय."

आबांचा चेहरा एकदम उतरला. ते माझ्याकडे वळले.

"म्या बिघडवलं व्हय सगळं?"

मला राग यायला हवा होता, पण आलाच नाही. माझी आईही असंच करते. मी सुट्टीत घरी असले की ताटात न विचारता आणखी एक भाकरी पडते, आणि वर म्हणते, तू काही खात नाहीस. मी म्हटलं, "बिघडलं नाही आबा, पुन्हा करू. फक्त आता तिला रिकामी राहू द्या."

"ऱ्हाऊ देतो," ते म्हणाले. पण अशा आवाजात, की जणू कुणी त्यांना स्वतःला उपास धरायला सांगितलाय.

आता रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सुट्ट्या टाकून, लेक्चर बुडवून आम्ही सगळं नव्यानं केलं. टाकी रिकामी करायला मित्र गाडी घेऊन फेऱ्या मारत बसायचा. सकाळी मी पोचले की काकू चहा देताना हळू आवाजात सांगायच्या, "काल हे दोनदा उठून बघून आले तिच्याकडं. म्हटलं, ती काय हंबरतीय का? झोपा की." आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण त्यांनी पेट्रोल टाकलं नाही. मी दर वेळी आधी काटा बघायचे. तो तळाला असायचा, आणि आबा बाजूला तोंड करून उभे असायचे.

या वेळी साधं पेट्रोल खरोखरच एकटं टाकीत होतं. दुपारचं ऊन चांगलंच तापलेलं. गाडी चढाला लागली आणि माझ्या फोनवर ठिणगीचा आकडा मागे सरकला. पुन्हा पळवली, पुन्हा सरकला. गाडी थोडी जड वाटत होती, हे मलाही सीटवर बसल्या बसल्या जाणवलं. मागून आबांनी "भिर्रर्र" म्हटलं नाही.

"पाय वढतीय ती," ते म्हणाले.

मग तिन्ही कंपन्यांची भारी पेट्रोलं एकेक करून झाली. तिन्हींवर ठिणगी जागेवर राहिली. मी आकडे उलटसुलट करून बघितले. तिघांत जो फरक होता तो मित्राच्या पायाचा किंवा त्या दिवशीच्या उन्हाचा असू शकत होता, पेट्रोलचा आहे असं म्हणायला मला धीर होईना.

निकाल सांगायच्या दिवशी मित्रानं मला फाटकातच थांबवलं. "सांग ना की त्यांच्या पंपाचंच सगळ्यात भारी निघालं. काय जातंय? गाडी तर उद्या चाललीय."

माझंही मन तसंच म्हणत होतं. पण आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मन राखायला नाही. आणि मला एवढ्या मोठ्या माणसानं आजवर कधी खरं काय ते विचारलं नव्हतं.

आबा झोपाळ्यावर बसले होते. काकू लसूण सोलत होत्या. मी उभ्यानंच सांगायला लागले.

"आबा, तुम्ही मिजास केली नाही. साध्या पेट्रोलवर ही गाडी चढाला, उन्हात ताकद आवरून धरते. भारी पेट्रोलवर मोकळी पळते. तुम्ही पाजलं ते तिला लागलं."

आबांनी डोळे मिटले. काकूंचे हात थांबले.

"पण," मी म्हटलं, "तिन्ही कंपन्यांचं सारखंच निघालं. तुमच्या पंपाचं काही वेगळं नाही."

मग काकूच बोलल्या.

"ऐका! हितं कोपऱ्यावर पंप, फाट्यावर दुसरा पंप. ते दोन्ही सोडून हे तिसऱ्यावर जायचे, पार नाशिक रस्त्याला. माझ्या भाच्याच्या लग्नाला उशीर झाला त्यापायी. का, तर त्याचं पेट्रोल भारी!"

"भारी व्हतंच की," आबा म्हणाले.

"सारखं निघालं म्हनतीय पोरगी."

"पेट्रोल सारखं असंल." आबा गालात हसले. "पन तो पंप लांब व्हता ना. तेवढीच जास्त चालवायला मिळायची."

काकूंनी लसणाची पाकळी त्यांच्याकडे भिरकावली. मित्र दुसरीकडे बघायला लागला. मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेणारा आला. मोशीकडचा, तिशीतला, नम्र माणूस. नारळ फुटला, किल्ली दिली. आबांनी स्वतः त्याला चालकाच्या सीटवर बसवलं आणि खिडकीत वाकून उभे राहिले.

"पेट्रोल कुठल्याबी कंपनीचं घाल, पन भारीतलं. साधं घातलंस तर चढाला ठिणगी मागं सरकती हिची. तिला मोकळं पळू वाटतं, पन पळता येत न्हाई. आमच्या पोरीनं मोजून बघितलंय."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आन लांबच्या पंपावर जात जा," आबा म्हणाले.

"का हो? तिथलं चांगलं असतं का?"

"लई चांगलं असतंय," आबा म्हणाले, आणि खिडकीवरचा हात काढून घेतला.

मी काहीच दुरुस्ती केली नाही.