कस्तुराबाईच्या मळ्यातला सिनेमा

मंगरूळपीरच्या बाजारात भाजी मोजून झाली की वरून मूठभर काहीतरी टाकायची रीत आहे. चार मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या, नाहीतर एखादं वांगं. मागावं लागत नाही, आणि न देणारी माळीण दुसऱ्या बाजाराला गिऱ्हाईक पाहत नाही. कस्तुराबाई मात्र काही माणसांना वरचं देत नसे. तराजूची दांडी बरोबर सुईला आणायची, माप त्यांच्या पिशवीत ओतायचं आणि हात झटकून मोकळी व्हायची. ती माणसंही मागत नसत. मान खाली घालून पिशवी उचलत.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं, बाई चिक्कू आहे. आमचे हे शाळेत मास्तर. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "ती ज्यांना देत नाही ना, ते सगळे त्या दिवशी शेतात उभे होते."

त्या दिवशीची हकिकत अशी. कस्तुराबाई विधवा, एकुलता एक मुलगा शालिकराम. तो आसेगावच्या उकंडरावांकडे गडी म्हणून होता. उकंडराव मोठे जमीनदार, मंगरूळलाही त्यांची जागा होती. त्यांच्या घरातून चांदीचा करदोटा नाहीसा झाला आणि आळ आला शालिकरामवर. उकंडरावांनी भर वैशाखात शेतात बैलबंडी उभी करायला लावली आणि त्या पोराचे दोन्ही हात पसरून बंडीच्या जुवाला बांधले. सकाळी बांधलं, दिवस कलल्यावर सोडलं. गडीमाणसं, शेजारचे शेतकरी, सगळे निंबाच्या सावलीत उभे. पाण्याचा तांब्या कोणी पुढं केला नाही, कारण मालक पाहत होते. पोरगं घरी आणलं ते तापातच, आणि तापातच गेलं. फौजदारानं ऊन लागून मेला असं ठरवलं. करदोटा पुढं कणगीत धान्याखाली सापडला. उकंडरावांनी तो सुनेच्या कमरेला घातला आणि विषय संपला.

कस्तुराबाईचा विषय संपला नव्हता. ती रडत नसे, शिव्याशाप देत नसे. रोज सकाळी मळ्यातल्या महादेवाला पाणी घालायची आणि बाजारात येऊन बसायची. तिच्या टोपलीशेजारी कांदे विकणारी सोजरबाई मला एकदा म्हणाली, "ते देवाले काय मांगते मले ठाव हाये. मी तं तिच्या पुढं पिंडीले पानी घालूनच येतो, मंग ते जाते. तिच्या मांगून गेली तं तिनं मांगतलेलं माह्याच आंगावर याचं."

अशातच तंबूचा सिनेमा येणार म्हणून डफडं वाजलं. मुका सिनेमा तो. पडद्यावर माणसं ओठ हलवणार, मधे इंग्रजी अक्षरं येणार आणि तंबूवाला लालसिंग शेजारी उभा राहून ती मराठी-हिंदीत सांगणार. बैलांच्या दमणीवर रंगवलेला फलक बांधून तो बाजारभर फिरला. फलकावर लाकडाला खिळलेला येशू, दोन्ही हात पसरलेले, मान एका अंगाला पडलेली.

बाजारात बोलायला दुसरा विषय राहिला नाही.

"देवाले मरताना पाहाले पैसे द्याचे? पाप लागते बाई," सोजरबाई म्हणाली.

"तो आपला देव थोडीच होय? त्याईचा होय. आपल्याले कायचं पाप?" एक गिऱ्हाईक.

"मंग दुसऱ्याचा देव मरताना पाहाचा, हे बरं हाये काय?"

देवळाच्या पुजाऱ्यानं सांगितलं, पाहिलं की बाटलं. दर्ग्यापाशी बसणारे म्हणाले, तोही पैगंबरच, आणि पैगंबराचं चित्र काढणं हेच मुळात वाईट. कोणी म्हणे खिळे खरेच ठोकले आहेत, त्या कामाला फाशीचा कैदी घेतला होता. मिशनाच्या शाळेतले दौलतराव मास्तर सगळ्यांना हात जोडून सांगत, "अहो, नुसतं या आणि शांतपणे पाहा."

कस्तुराबाई त्या फलकाकडे पाहत उठून उभी राहिली. टोपलीतली मेथी गाय खात होती, तिकडंही तिचं लक्ष नव्हतं. लालसिंगची दमणी जवळ आली तशी तिनं विचारलं, "कायले बांधलं गा त्याले?"

"झूठा इल्जाम, बाई. काही गुन्हा नव्हता."

"अन् हे खाली उभे हायेत ते कोन?"

"ते? लोक होत. पाहून राह्यले."

"पाहून राह्यले," ती म्हणाली. "बरं."

त्या दिवसापासून तिनं वरचं देताना बोलायला सुरुवात केली. कोथिंबीर पिशवीत टाकायची आणि म्हणायचं, "सिनेमा पाहाले जाजो बरं बाई. माह्या शालिकरामाचा हाये." ज्यांना वरचं मिळत नव्हतं त्यांनाही ती आता काहीतरी देऊ लागली, फक्त बोलणं. "तुमी तं जाच. तुमीबी हा त्याच्यात. खाली उभे हा." हसत नसे, ओरडत नसे. भाव सांगावा तसं सांगायची.

आठवडाभरात सिनेमाचं मूळ नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही. पोरं म्हणू लागली, उकंडरावाचा सिनेमा. किन्हीराजाकडून आलेल्या बैलवाल्यानं भर चावडीत विचारलं, "ते उकंडराव सिनेमात काम करतेत काय हो? खिळे ठोकाचं?" चावडीत उकंडराव बसलेले होते.

तंबू त्यांच्याच मोकळ्या जागेत लागायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी लालसिंगला निरोप धाडला की जागा मिळणार नाही. बाकीच्यांनाही दम दिला असावा, कारण गावात कोणाचीच जागा मोकळी निघेना. लालसिंग सामान आवरायला लागला. तो जाण्यापूर्वी भाजी घ्यायला आला तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "माह्या मळ्यात लाव."

"मळ्यात? अन् तिथं वांगे हायेत ना उभे?"

"उद्या नसतीन."

मी स्वतः पाहिलं. फळांनी लगडलेली झाडं तिनं विळ्यानं मुळापासून कापली. वाफे पायानं दाबून सपाट केले. सोजरबाई बांधावर उभी राहून कपाळ बडवत होती. "आवं, खाशील काय पावसाळ्यापर्यंत? पागल झाली काय व?"

"तुये कांदे खाईन," कस्तुराबाई म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली.

तंबू उभा राहिला. आता उकंडरावांपुढं मोठी अडचण झाली. न जावं तर भ्याले म्हणतील, जावं तर सगळा गाव पडदा सोडून त्यांच्याकडं पाहणार. मला वाटलं, बाईनं बरोबर पकडलं यांना. देवा, माफ कर, पण मला बरं वाटलं.

पुढच्या बाजारी उकंडराव स्वतः तिच्या टोपलीपुढं येऊन उभे राहिले. फेटा बांधलेला, पान खाल्लेलं, चेहरा खुशीत.

"काय व कस्तुरे, मले तं त्या दौलतराव मास्तरानं सारी गोष्ट सांगतली. तो तुया लाकडावरचा देव, मरता मरता काय म्हनते ठाव हाये काय तुले?"

ती कोथिंबिरीच्या जुड्या लावत राहिली.

"म्हनते, याईले माफ करा, याईले समजत नाई हे काय करून राह्यले ते. सगळ्याईले माफी! ज्यानं खिळे ठोकले त्यालेबी. मंग? त्यानं माफ केलं, अन् तू कोन लागून गेली व, भाजीवाली?" ते आजूबाजूला पाहून हसले. "येतो मी. समोरची खुर्ची ठेवाले सांग."

लोक हसले नाहीत, पण बोलले मात्र. तिच्या देखत बोलले. "खरंच असं हाये काय त्याच्यात? मंग झालं ना. देवच म्हनते तं सोडून द्याव." ज्यांना वरचं मिळत नव्हतं, ते तर फारच मोकळेपणानं बोलत होते.

कस्तुराबाई टोपली तशीच सोडून मळ्यात गेली. मी तिच्या मागं गेले, कारण तिचा चेहरा मला बरा वाटला नाही. लालसिंग तंबूच्या दोऱ्या ताणत होता.

"तो माफ करते म्हने आखरीले. खरं हाये काय?"

"हाये ना, बाई. तेच तं मोठं हाये त्याच्यात. लोक रडतेत तिथं."

"ते नको सांगू."

"म्हंजे?"

"अक्षरं येतीन, येऊ दे. कोनाले वाचता येते? तू चूप राहाजो."

लालसिंगनं कान धरले. "तौबा! देवाचं बोलनं होय ते बाई. मी पडदेवाला आदमी, माह्या पोटावर कायले पाय देतं?"

"देवाचं बोलनं त्याचं. मळा माहा हाये. तू ते बोलला तं मी मोट जुपीन अन् पाट फोडीन. तुया तंबू, तुयं इंजिन, सारं चिखलात. वांग्याले पानी देतो तसं देईन."

लालसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, मास्तरीणबाई, काहीतरी समजावीन असं त्याला वाटलं असेल. मी रोज पोथी वाचणारी. क्षमा किती मोठी ते मला काय कोणी सांगायला हवं? पण मी समजावलं नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाये. नाई सांगत."

खेळाच्या दिवशी दिवेलागणीलाच तंबू भरला. पुजारी मागच्या बाजूला उपरण्यात तोंड लपवून बसला होता. बायका एका अंगाला पोत्यांवर. मी कस्तुराबाईच्या शेजारी, पलीकडं सोजरबाई. पुढं खुर्च्यांची ओळ आणि तिच्या मधोमध उकंडराव. इंजिन धडधडायला लागलं, पडद्यावर माणसं चालू लागली.

त्या माणसाला धरलं, मारलं, त्याच्या खांद्यावर लाकूड दिलं. बायका चुकचुकू लागल्या. सोजरबाईनं डोळ्यांवर पदर घेतला आणि पदराआडून पाहत राहिली. मग त्याला आडवं पाडून हात पसरले. पडद्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसलं, एकेक मान पडद्याकडून वळत होती आणि उकंडरावांच्या पाठीवर थांबत होती. कस्तुराबाईनं तर पडद्याकडं पाहिलंच नव्हतं. ती पहिल्यापासून त्या पाठीकडंच पाहत होती.

लाकूड उभं झालं. त्या माणसाचे ओठ हलले. अक्षरं आली.

लालसिंग गप्प.

पुढचं चित्र आलं, पुन्हा ओठ हलले. लालसिंगनं घसा खाकरला, पण बोलला नाही. लोक चुळबुळू लागले.

"काय म्हनते तो? सांग ना बे!" उकंडराव.

लालसिंग पायाकडं पाहत उभा.

"माफ करते म्हनते तो!" उकंडराव खुर्चीतून अर्धे उठले. आवाज चिरकला होता. "मास्तरानं सांगतलं मले! सगळ्याईले माफ केलं म्हनते! सांग याईले, बोल!"

मागून, पुरुषांच्या गर्दीतून, एक म्हातारा आवाज आला. "तुमाले कायले पायजे हो माफी, मालक? तुमी तं काई केलंच नाई म्हनता ना?"

कोणी बोललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचाच कोणी गडी असावा. पण इतक्या वर्षांत गावातून निघालेला तो पहिला आवाज.

उकंडराव वळले. त्यांना काही म्हणायचं होतं, पण तोंड नुसतंच उघडं राहिलं. सगळा तंबू त्या तोंडाकडं पाहत होता.

तेव्हा कस्तुराबाई उभी राहिली. "लालसिंग," ती म्हणाली, "सांगून टाक आता."

लालसिंगनं सुटका झाल्यासारखं भरभर सांगितलं. "तो म्हनते, हे बाप, याईले माफ कर. हे काय करून राह्यले, याईले समजत नाई."

"आयकलं?" कस्तुराबाईचा आवाज बाजारात भाव सांगायचा तसाच होता. "त्यानं केलं माफ. तो देव होता. या उकंडरावाले सारं समजत होतं, अन् मी देव नोहो. मी नाई करत."

ती खाली बसली. उकंडराव बाहेर जायला निघाले. पण यंत्र मागं होतं, त्यामुळं त्यांची सावली पडद्यावर पडली, फेट्यासकट, अख्खं लाकूड झाकून.

"बसा खाली!" कोणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले, मग सगळेच. "खाली बसा! बसा म्हनतो ना!"

आसेगावच्या उकंडरावांना आयुष्यात कोणी खाली बसा म्हटलं नव्हतं. ते बसले. आणि खेळ संपेपर्यंत त्यांना कोणी उठू दिलं नाही.

त्यानंतर ते मंगरूळच्या बाजारात दिसले नाहीत. त्यांचं काय झालं ते सांगत बसत नाही, जमिनी होत्याच, सुखात गेले असतील. कस्तुराबाईनं पावसाळ्यापर्यंत कसे दिवस काढले ते मात्र मी पाहिलं, सोजरबाईचे कांदे खरंच खावे लागले तिला.

ती गेली ती लढाईच्या वर्षांत, कापडाला रांगा लागायच्या तेव्हा. शेवटच्या आजारात दौलतराव मास्तर भेटायला आले होते. भला माणूस. खाटेजवळ बसून म्हणाले, "कस्तुराबाई, आता तरी मन मोकळं करा. माफ करून टाका."

तिनं डोळे उघडले. "कोनाले?"

"उकंडरावांना."

"आला हाये काय तो?" ती उठायला पाहू लागली. "बाहेर उभा हाये काय?"

मास्तर म्हणाले, "नाही, तसं नाही. ते कशाला येतील?"

"मंग?" ती पुन्हा खाटेवर टेकली. "माफी मांगाले तं येऊ द्या त्याले."