खुर्चीमागची पाटी

महिला तक्रार समितीची पाटी आमच्या कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागे लावली आहे. परवा सही घ्यायला गेले, तर टायपिस्ट नंदाताई ती वाचत उभ्या. त्यांची तक्रार साहेबांविरुद्धच होती, हे फक्त मला ठाऊक होते.

"काय एवढं वाचताय, नंदाबाई?"

"समितीतली नावं, साहेब."

घरातली पहिली पदवीधर मी. कॉलेजात बाईंनी शिकवले होते, की बायकांच्या रक्षणासाठी जगातल्या देशांनी करार केला, आपणही सही केली, त्याच्याच आधाराने न्यायालयाने अशा समित्या नेमायला लावल्या. इतक्या लांबून आलेला कायदा एका खुर्चीमागे अडकला होता.

नंदाताईंनी पर्समधून पेन काढले. "खालचं नाव दिसत नाही. जरा सरकता का, साहेब?"

साहेब सरकले.