हळदीआधीची नळी

भिसेगावात आमच्या आळीत कुणाचा टाका काढायचा असो की इंजेक्शन द्यायचं असो, आधी माझं दार वाजतं. मी कर्जतच्या एका छोट्या खाजगी इस्पितळात नर्स. ड्युटीवरून येऊन चहाचा कप हातात घेतला की कुणीतरी दारात उभं. मी चिडते, बडबडते आणि जाते. त्या दुपारी मात्र मी नाही म्हणाले.

शेजारीण आली होती. मुंबईत तिचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जखमेत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून काखेखाली बसवलेली नळी अजून होती आणि नळीच्या टोकाला प्लास्टिकची बाटली. संक्रांतीला मी वाण म्हणून दिलेल्या कापडी पिशवीत ती बाटली ठेवायची, वरून पदर घ्यायची. आळीत हे फक्त मला ठाऊक होतं. दोन दिवसांनी तिच्या लेकीची हळद होती. मुलाकडच्यांना आजार कळला तर लग्न मोडेल, या धास्तीने ती अर्धी झाली होती.

"काढ गं तेवढी. बायका मलाबी हळद लावनार. पिशवी कुठं लपवू?"

मी बाटली पाहिली. सकाळी रिकामी केलेली, एवढ्यात निम्मी भरली होती. नळी काढायची वेळ आलेली नव्हती.

"दवाखान्यात तर रोज काढतेस. हात तेच हायत ना तुझे?"

हात माझेच. पण वॉर्डात मी नळी काढते ती डॉक्टरांनी पेशंट तपासून कागदावर लिहून दिल्यावर. कधी काढायची हे ठरवणं माझं काम नाही. एखादे डॉक्टर गाडीतूनच फोन करून "सिस्टर, काढून टाका" म्हणतात, तेव्हाही मी अडून बसते. काही बिघडलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते, आणि आमच्याकडे संन्यासी नेहमी नर्सच असते. तरी तिच्यासमोरच मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. पाणी कमी होईपर्यंत नळीला हात लावू नका, ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं.

"सांगून टाक मुलाकडच्यांना. मी येते सोबत," मी म्हटलं.

"तुला लेक नाय. तुला काय कळनार?"

ते मला झोंबलं. अजून झोंबतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. मोहोपाड्याच्या कारखान्यात तो फिटर आहे. त्याने कागदात गुंडाळलेली नळी माझ्यासमोर धरली.

"बगा सिस्टर, ब्लेड उकळून नळीचा टाका कापला नि वढली. रगत नाय, काय नाय. उगाच घाबरवलंत."

नळी अखंड होती. तुकडा आत राहिला नव्हता, पण मला भीती दुसरीच होती. नळी गेली होती, पाणी येतच होतं, आणि आता त्याला बाहेर यायला वाट नव्हती. मी त्याच्यावर ओरडले, आत्ताच्या आत्ता तिला मुंबईला ने म्हणाले.

"लगीन होऊ द्या," तो म्हणाला.

लग्नात शेजारीण हिरव्या शालूत उभी होती, एक हात अंगाशी घट्ट धरून. अक्षता टाकून मी तिचा दुसरा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. पाठवणी झाली आणि ती खुर्चीतून उठू शकली नाही.

आतल्या पाण्याचा पू झाला होता. मुंबईला डॉक्टरांनी जखम पुन्हा उघडली, नवी नळी बसवली. त्यात पुढची केमो लांबली. आजार काही थांबला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा खाटेजवळ तिची विहीण होती. खालापूरकडच्या शेतकरी घरातली बाई, पदर खोचून बाटलीतलं पाणी मोजून ओतत होती. तिथल्या नर्सने तिला शिकवलं होतं. हात धुऊन ती माझ्याकडे वळली.

"आमाला का नाय सांगितलं वो यांनी? लगीन फुडं ढकललं असतं. मानसाला आजार व्हतोच की."

शेजारीण जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती भिंतीकडे वळली. भातकापणीच्या आधीच ती गेली.